झुकलेल्या सरूची गोष्ट

लहानपणी एका झाडाच्या नावानं मला फार छळलं. ते नाव म्हणजे सरू.

दापोली तालुक्यात समुद्रकाठी आमचं गाव आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं बन. जरा वारा सुटला की त्या बनातून एक लांबलचक सुस्कारा निघे. भर दुपारी तो ऐकला की आम्हा मुलांना भीती वाटे. आमच्या परसाच्या कडेलाही एक जुना सुरू होता, बनातून रुसून निघून आल्यासारखा एकटाच. त्याच्याखाली आजोबांची आरामखुर्ची असे. आजोबांना आम्ही दादा म्हणत असू. दादा आयुष्यभर बोटीवर नोकरी करून गावी परतले होते. घरात बोली कोकणी, शाळा मराठी आणि दादांच्या ट्रंकेत उर्दू-फारसीची दहा-बारा पुस्तकं. संध्याकाळी ते त्यातले शेर मला वाचून दाखवत आणि अर्थ सांगत. त्यांत 'सर्व' नावाचं एक झाड पुन्हा पुन्हा येई. दादा म्हणत, "सर्व म्हणजे आपला सुरूच. प्रेयसीची अंगकाठी कशी, तर सर्वसारखी. ताठ, सरळ, कुणापुढे न वाकणारी."

मी मान वर करून बघायचो. आमचा सुरू कुठे ताठ होता? समुद्रावरच्या वाऱ्यानं त्याचं खोड गावाकडे कललेलं, आणि फांद्यांची टोकं खाली लोंबलेली, न्हाऊन आलेल्या बाईच्या ओल्या केसांसारखी. एकदा धीर करून विचारलं. दादा हसले आणि म्हणाले, "पुस्तकातला सर्व वेगळा आणि वाळूतला वेगळा. तू आधी वाचायला शीक."

पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो. एका कवितेत हे झाड आलं, तर मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी समासात लिहिलं, 'काय सुरू? वाक्य अपुरं वाटतं.' त्यांचीही चूक नव्हती. मराठीत काम सुरू होतं तो 'सुरू' आणि समुद्रकाठचा 'सुरू' लिहिताना अगदी एकसारखे दिसतात. पहिला अरबीतून आलेला, दुसरा फारसीतल्या 'सर्व'चा वंशज. दोघेही आपापल्या वाटेनं मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले.

मित्रहो, आज बोलायचं आहे ते या दोघांच्या एका तिसऱ्याच नातेवाइकाबद्दल. खराखुरा सरू, पण झुकलेला. सदाहरित, सूचिपर्णी कुळातला, तरीही ज्याची पानं अश्रूंसारखी खाली ओघळतात असा वृक्ष. बागेच्या मधोमध असं एकच झाड लावायचं आणि सगळी बाग त्याच्याभोवती रचायची, ही हौस युरोपात एकोणिसाव्या शतकात फोफावली. त्या हौसेमागे एक इतिहास आहे, आणि तो वाचताना दादांनी अर्धवट सोडलेलं उत्तर मला सापडत गेलं.

आधी नावांचा घोळ निस्तरू. फारसी काव्यातला सर्व म्हणजे भूमध्य समुद्रापासून इराणपर्यंत वाढणारा सायप्रस. मिटलेल्या छत्रीसारखा निमुळता, बारमाही हिरवा. शेख सादींच्या 'गुलिस्ताँ'मध्ये, म्हणजे १२५८ सालच्या ग्रंथात, या झाडाला 'आझाद' का म्हणतात याचा खुलासा येतो. इतर झाडांना फळाचा बहर असतो, मग पानगळ असते. सरूला यातलं काहीच नाही, तो सदा एकसारखा, म्हणून तो स्वतंत्र. हाच सरू पुढे मुघलांच्या चारबागेत आला, लघुचित्रांत आला. ताजमहालासमोरच्या पाण्याच्या पाटालगत ज्या झाडांच्या रांगा दिसतात त्या याच कल्पनेच्या. चारबागेत सरू एकटा उभा नसतो. तो पहारेकऱ्यांसारखा रांगेत उभा राहतो आणि तुमची नजर पुढच्या इमारतीकडे सरळ नेऊन सोडतो.

आमच्या किनाऱ्यावरचा सुरू मात्र सरूच्या कुळातला नाहीच. शास्त्रज्ञ त्याला कॅज्युअरिना म्हणतात. कॅसोवरी नावाच्या मोठ्या पक्ष्याच्या लोंबत्या पिसांशी त्याच्या डहाळ्यांचं साम्य दिसलं, म्हणून हे नाव. हे झाड मूळचं आग्नेय आशियाचं, ऑस्ट्रेलियाचं आणि प्रशांत महासागरातल्या बेटांचं. एकोणिसाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाळू अडवण्यासाठी आणि जळणासाठी त्याची लागवड झाली. आपण ज्यांना त्याची सुयांसारखी पानं समजतो, त्या खरं तर बारीक सांधेदार डहाळ्या असतात. पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे नुसते दाते. तो फुलणाऱ्या वृक्षांतला आहे, देवदार-चीड-सायप्रस यांच्यासारखा सूचिपर्णी नाही. पण लोकांनी त्याचं रूप पाहिलं, कानावरून गेलेलं एक जुनं नाव त्याला दिलं आणि ते चिकटलं. शहरातल्या सोसायट्यांच्या कुंपणाला आपण जो 'अशोक' लावतो, त्या उंच, खाली पानं सोडलेल्या झाडाचंही तसंच. सीतेच्या अशोकाशी त्याचं काही नातं नाही. झाडं नाव विचारून उगवत नाहीत.

आता युरोपकडे वळू. १८२१ साली नेपोलियन सेंट हेलेना बेटावर वारला आणि तिथल्या एका दरीत, वाळुंजाच्या झुकलेल्या झाडांखाली त्याला पुरलं. त्या झाडांच्या फांद्या प्रवाशांनी तोडून नेल्या, देशोदेशी रुजवल्या. पराभूत सम्राट आणि त्याच्यावर वाकलेलं झाड हे चित्र त्या शतकाच्या मनात घर करून बसलं. थडगी, दफनभूमी, श्रीमंतांच्या बागा, सगळीकडे 'रडणारी झाडं' हवीशी झाली. युरोपातल्या भाषांत अशा झाडांना रडणारी असंच म्हणतात. पण वाळुंजाची एक अडचण होती. हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि उरतात नुसत्या काटक्या. बारा महिने हिरवं राहणारं आणि तरीही झुकलेलं झाड कुठे मिळेल, याचा शोध बागवानांना लागून राहिला होता.

असं झाड चीनमध्ये असल्याची कुणकुण त्याआधीच लागली होती. १७९३ साली लॉर्ड मकार्टनी यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शिष्टमंडळ चीनच्या सम्राटाकडे गेलं. त्या मंडळींनी थडग्यांजवळ उभे असलेले झुकत्या फांद्यांचे सदाहरित वृक्ष पाहिले आणि त्याबद्दल लिहिलं. पुढे शास्त्रज्ञांनी या झाडाला जे नाव दिलं त्याचा अर्थच मुळी 'अंत्यविधीचा सायप्रस' असा होतो. पण जिवंत बी युरोपात आणलं ते रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माणसानं.

फॉर्च्यूनचं नाव आपल्याला वेगळ्या कारणानं ठाऊक असायला हवं. १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला चीनमध्ये धाडलं ते चहाची रोपं आणि चहाचं कसब चोरून आणण्यासाठी. हिमालयाच्या उतारावरचे चहाचे मळे वाढावेत हा कंपनीचा हेतू. परक्या माणसाला चीनच्या आतल्या भागात फिरायला मनाई होती. म्हणून फॉर्च्यूननं डोकं भादरलं, मागे वेणी जोडली, चिनी पेहराव केला आणि तो नदीमार्गानं निघाला. त्या प्रवासात त्याला दुरून एक झाड दिसलं. खोड सरळसोट आणि फांद्या थेट सेंट हेलेनाच्या वाळुंजासारख्या खाली सोडलेल्या. जवळ जाऊन पाहतो तर ते एका खाणावळीच्या भिंतीपलीकडच्या बागेत. भिंतीवरून उडी मारावी असं त्याच्या मनात आलं. पण आपण सभ्य चिनी गृहस्थाच्या वेशात आहोत याची त्याला आठवण झाली. मग तो समोरच्या दारानं आत गेला, जेवण मागवलं, चिलीम ओढली आणि शतपावली करत करत बागेत शिरून झाडाचं पक्कं बी खिशात घातलं. हा मजकूर त्यानं स्वतःच नंतर पुस्तकात लिहून ठेवला आहे. १८४९ मध्ये ते बी इंग्लंडला पोचलं.

चहाची रोपं चोरायला निघालेला माणूस वाटेत एका रडणाऱ्या झाडासाठी जेवण मागवून थांबतो, हे मला मोठं गमतीचं वाटतं. पण गंमत संपली की टोचतंही. थडग्याजवळचं झाड चिनी माणसाच्या लेखी पूर्वजांच्या आदराचं होतं. इंग्रजांच्या हिरवळीवर ते शोभेचं झालं.

यानंतर येतो आपल्याकडचा वृक्ष, ज्याला जग 'काश्मीर सायप्रस' म्हणतं. सगळ्या झुकत्या सायप्रसांमध्ये हा सर्वांत देखणा. खोड उभं आणि ताठ. मुख्य फांद्या बाहेर झेपावून थोड्या वर उचललेल्या आणि त्यांच्या कडेनं निळसर-करड्या पानांचे चपटे झुपके झालरीसारखे खाली सोडलेले. वारा नसला तर वाटावं की धबधबा मध्येच थिजला आहे. १८६७ साली एली-आबेल कारिएर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. कारिएर पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या रोपवाटिकांचे प्रमुख होते. त्यांच्यापुढे होतं ते युरोपात कुंडीत वाढवलेलं रोप. रानातलं झाड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. बी तिबेटातून आल्याचं सांगितलं जात होतं आणि नाव पडलं काश्मीरचं.

गंमत अशी की काश्मीरच्या रानात हे झाड उगवतच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या खऱ्या गावाचा शोध घेत राहिले. ते निघालं पूर्व हिमालयात, भूतानमध्ये आणि आपल्या अरुणाचल प्रदेशात. तिथल्या दऱ्यांत पाऊस भरपूर पडतो. भूताननं सायप्रसला राष्ट्रीय वृक्ष मानलं आहे. त्यांच्या भाषेत त्याला 'त्सेनदेन' म्हणतात. मठांच्या आणि मंदिरांच्या अंगणात तो हटकून दिसतो. भूतानच्या बुमथांग खोऱ्यात कुर्जे नावाचं एक पवित्र स्थान आहे. तिथल्या सायप्रसबद्दल अशी श्रद्धा आहे की गुरू पद्मसंभवांनी आपली काठी जमिनीत रोवली आणि तिचंच हे झाड झालं. ही काठी लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला लागणार आहे.

नावात एक गाव, मुळात दुसरंच गाव. अशी झाडं पाहिली की मला माझ्या जातीची काही माणसं आठवतात. ज्यांना नाव ऐकताच लोक विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि दापोली म्हटलं की पुन्हा विचारतात, "नाही, त्याच्याही आधीचे?" असो.

आता जरा बागकामाच्या गोष्टी. झाड रडतं म्हणजे नेमकं काय होतं? साधारणपणे झाडाचा शेंडा गुरुत्वाकर्षणाच्या उलट, आकाशाकडे वाढतो. एखादी फांदी वाकली तर झाड तिला सावरतं. रुंद पानांची झाडं वाकलेल्या फांदीच्या वरच्या बाजूला खास लाकूड तयार करून तिला वर ओढतात. सूचिपर्णी झाडं उलट करतात. ती फांदीच्या खालच्या बाजूला दाट लाकूड भरून तिला खालून टेकू देतात. आंबा दोरीनं ओढतो आणि देवदार खांदा देतो, असं म्हणा. झुकणाऱ्या झाडांत ही सावरण्याची ताकद उपजतच कमी पडते.

त्यांचे दोन प्रकार मानता येतील. पहिल्या प्रकारात खोड आपल्या बळावर उभं राहतं, फक्त फांद्यांची टोकं आणि पानं ओघळतात. काश्मीर सायप्रस यातला. आपल्या हिमालयातला देवदारही थोडासा यातलाच, त्याचा कोवळा शेंडा नेहमी नम्रपणे मान लववून असतो. दुसऱ्या प्रकारात शेंडाच उभा राहू शकत नाही. काठी दिली नाही तर झाड जमिनीवर पसरतं.

या दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यांत नावाजलेलं उदाहरण पॅरिसजवळ शातने-मालाब्री इथे आहे. १८७३ साली तिथल्या एका रोपवाटिकेत मोरोक्को-अल्जीरियाच्या ॲटलास पर्वतातल्या निळ्या देवदाराचं एक विचित्र रोप दिसलं. बाकीची भावंडं ताठ वाढत होती, हे मात्र खाली मान घालून. रानात असं रोप टिकलं नसतं. शेजाऱ्यांनी सगळा उजेड घेतला असता आणि दोन-चार वर्षांत ते सावलीत मेलं असतं. नर्सरीतही माळ्यानं ते निकामी म्हणून उपटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. पण ते कुणीतरी ठेवलं, त्याचं कलम केलं आणि १८९५ साली ते आजच्या जागी लावलं. वर उठता येत नाही म्हणून ते झाड आडवं वाढलं. आज त्याच्या फांद्यांचा विस्तार सुमारे ७०० चौरस मीटर आहे, म्हणजे साडेसात हजार चौरस फूट. आपल्या शहरांतले मध्यमवर्गीय दहा-बारा फ्लॅट त्या एका छताखाली मावतील. जागोजागी फांद्यांना टेकू दिलेले आहेत. त्याच परिसरात फ्रेंच लेखक शातोब्रियाँ यांचं घर आहे. नेपोलियनशी बिनसल्यावर त्यांनी १८०७ साली ते घेतलं होतं आणि प्रवासात पाहिलेली झाडं स्वतः लावली होती.

कलम हा शब्द इथे मला थांबवतो. आंब्याचं कलम आपण करतो, दादा ज्या बोरूनं लिहीत तोही कलम आणि कायद्याच्या पुस्तकातलं कलमही तेच. मूळ अरबी शब्द एकच. झुकणारं झाड बियांतून पुन्हा तसंच उगवेल याची खात्री नसते. बहुतेक रोपं आपल्या ताठ पूर्वजांवर जातात. म्हणून त्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. जगभरच्या बागांतून आज जे झुकलेले निळे देवदार दिसतात, ते असे हातोहात पुढे गेलेले आहेत.

असं झाड बागेचा केंद्रबिंदू व्हावं असं वाटत असेल, तर जुन्या बागवानांचे काही साधे नियम आहेत. झाड एकच लावावं. दोन रडणारी झाडं शेजारी असली की कोणाचंच रडणं ऐकू येत नाही. मागे साधी भिंत, गडद झाडी किंवा मोकळं आकाश असावं. लहान रोपावर भाळून ते दाराशी लावू नये, पुढच्या पन्नास वर्षांची जागा आधीच सोडावी. पाणी मुळांशी तुंबू देऊ नये. लोंबत्या फांद्या कात्रीनं सारख्या करू नयेत, त्यांचा वेडावाकडेपणा हेच त्यांचं रूप. आणि शेंडा जिथवर न्यायचा आहे तिथवर काठी द्यावी, ती मऊ पट्टीनं सैलसर बांधावी आणि गाठ दर वर्षी सोडून पुन्हा बांधावी. गाठ विसरली तर खोड जाड होतं, पट्टी सालीत रुतते आणि ज्यानं आधार दिला तोच फास होतो. काश्मीर सायप्रसला कडक हिमही सोसत नाही आणि रखरखीत ऊनही. त्याला हवा दमट आणि थंड लागते. आमच्या दापोलीत किंवा मराठवाड्यात त्याचा हट्ट धरू नये हे बरं.

त्याला मानवलेली एक जागा मात्र इटलीत आहे. उत्तर इटलीतल्या माज्जोरे सरोवरात इसोला माद्रे नावाचं बेट आहे. ते बोर्रोमेओ या सरदार घराण्याचं. बेटावर त्यांचा वाडा, भोवती बाग आणि बागेत पांढरे मोर. या वाड्यासमोरच्या चौकात १८६०च्या दशकात हिमालयातून आलेल्या बियांतून एक काश्मीर सायप्रस वाढवला गेला. सरोवरामुळे तिथली हवा सौम्य आणि ओलसर, झाडाला ती मानवली. दीडशे वर्षांत ते इतकं वाढलं की युरोपातल्या आपल्या जातीच्या सर्वांत मोठ्या झाडांत त्याची गणना होऊ लागली. वाडा पाहायला आलेले लोक आधी झाड पाहत. मी तिथे गेलेलो नाही. छायाचित्रं पाहिली आहेत. निळसर पडदे सोडलेल्या एखाद्या तंबूसारखं ते दिसतं.

२००६ साली जूनच्या अखेरीस सरोवरावर वावटळ आली आणि हे झाड मुळांसकट उन्मळून आडवं झालं. दीडशे वर्षांचं झाड पडलं की काय करतात? लाकूडतोड्याला बोलावतात. तिथल्या मंडळींनी तसं केलं नाही. काही मुळं अजून जमिनीत आहेत हे पाहून त्यांनी झाड उभं करायचं ठरवलं. बेटावर क्रेन आणल्या. पसारा छाटून हलका केला, कारण तुटलेली मुळं पूर्वीइतक्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. मग झाड हळूहळू उचलून पुन्हा त्याच जागी बसवलं आणि पोलादी तारांनी चहूकडून ताणून बांधलं. ते जगलं. त्याला नवी पालवी फुटली. पर्यटक आजही ते पाहायला जातात आणि छायाचित्रांत त्या तारा स्पष्ट दिसतात. कुणी त्या लपवल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

ही हकीकत मी प्रथम वाचली ती २०२० सालच्या पावसाळ्यात आणि वाचून मला झोप लागली नाही. त्याला कारण होतं.

त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं. रायगड आणि आमचा दापोली-मंडणगडचा पट्टा यांनी त्याचा तडाखा खाल्ला. नारळ, सुपाऱ्या, आंबे, कौलं, विजेचे खांब, सगळं एका दुपारी जमीनदोस्त. टाळेबंदीचे दिवस होते, तरी कसाबसा पास काढून मी गावी पोचलो. समुद्रकाठच्या बनात कित्येक झाडं आडवी होती. परसाच्या कडेचा आमचा सुरूही पडला होता. दादा जाऊन तीसेक वर्षं झाली होती, पण त्यांच्या खुर्चीचे पाय जिथे रुतत तिथेच मुळांचा गोळा वर आला होता. एका बाजूची मुळं अजून मातीत होती. मी ती पाहिली. पण घराची कौलं उडालेली, वाट अडलेली आणि करवतवाले गावात आयतेच आलेले. अर्ध्या दिवसात झाडाचे ओंडके झाले. जळणाच्या भावानं गेले. मीच सांगितलं तसं करायला, दुसऱ्या कोणाला बोल लावायला जागा नाही.

शेजारच्या काकांचा हापूसही त्याच दुपारी पडला होता. त्यांनी करवतवाल्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. मी म्हटलं, "काका, आता काय उरलंय त्याच्यात?" ते म्हणाले, "अरे, पडलाय तो. मेलेला नाय." त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी फांद्या छाटल्या, उघड्या मुळांवर ओली गोणपाटं टाकली, चेन-पुली लावून दोन दिवस थोडं थोडं उचललं, खाली माती भरली आणि बांबूच्या घोड्या लावल्या. झाड पूर्ण सरळ झालं नाही. आजही ते कललेलंच आहे. तीन वर्षांनी त्याला मोहर आला. पहिल्या आंब्यांची करंडी काकांनी आमच्याकडे पाठवली. खाताना मान वर करून बोलायची माझी हिंमत झाली नाही.

दादांच्या पुस्तकातला सर्व कुणापुढे वाकत नाही, म्हणून तो आझाद. लहानपणी मला ते खरं वाटे, कारण तेव्हा माणसं पडताना पाहिली नव्हती. आता पन्नाशी उलटल्यावर मी झुकलेल्या झाडांच्या इतिहासाकडे पाहतो तेव्हा मला प्रत्येक झाडाजवळ कुणीतरी उभं दिसतं. शातने-मालाब्रीच्या रोपवाटिकेत ते वाकडं रोप न उपटणारा माळी, बेटावर क्रेन मागवणारी माणसं, गोणपाटं भिजवणारे आमचे काका. कुर्जेची ती काठीही मला आता वेगळी दिसते. ती कथा काठीचं झाड झाल्याची आहे. मी पाहिलेल्या झाडांपाशी मात्र काठी काठीच राहिली आणि तिच्या बळावर झाड उभं राहिलं.

सुरू गेला त्या जागी मी पुढच्या पावसाळ्यात सुरूचंच रोप लावलं. तो खरा सरू नाही, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्या वाळूत वाढणारा आणि आमच्या भाषेत ते नाव मिळालेला तोच आहे. रोप खारा वारा खात गावाकडे कलू लागलं, तेव्हा त्याला काठी दिली आणि जुन्या लुंगीची पट्टी फाडून सैलसर बांधली. दर वर्षी मिरगाच्या आधी गावी जातो, गाठ सोडतो, खोडावर पट्टीचा वळ उठला आहे का ते बोटानं चाचपून पाहतो आणि पुन्हा बांधतो. यंदा गाठ बांधताना काका कुंपणापलीकडून म्हणाले, "घट्ट नको बांधू हां."

मी ती आणखी थोडी सैल केली.